कोणता गेम कोणासाठी: वेळ, हार आणि मध्येच थांबण्याची मुभा

व्हिडिओ गेम विकत घेण्यापूर्वी लोक सहसा समीक्षकांनी दिलेल्या गुणांकडे पाहतात, आणि गुणांची मदत फार लवकर संपते. 'द विचर ३', 'एल्डन रिंग', 'हेडीझ' आणि 'डिस्को एलिसियम' या चारही गेमना सरासरी शंभरपैकी नव्वदच्या वर गुण मिळालेले आहेत. तरीही यांपैकी एकावर जीव टाकणारा खेळाडू दुसरा गेम तासाभरात बंद करतो आणि पुन्हा उघडत नाही, असे सर्रास घडते. त्यात गेमचाही दोष नसतो आणि खेळाडूचाही नसतो. काम किती चोख झाले आहे एवढेच गुण सांगतात. तो गेम खेळणाऱ्याकडून काय मागतो, हे त्यांत उतरत नाही.

म्हणून या आढाव्यात मी मुख्यतः तीन गोष्टींवरून निकाल दिले आहेत. एका बैठकीला किमान किती वेळ लागतो, हरल्यावर हातचे काय जाते, आणि पंधरा-वीस दिवसांच्या खंडानंतर परत आल्यावर धागा सापडतो का. ग्राफिक्स आणि संगीत यांचा उल्लेख जवळजवळ टाळला आहे, कारण इथे घेतलेले बहुतेक गेम त्या बाबतीत उत्तमच आहेत आणि त्यावरून निवड ठरत नाही.

मोठी, मोकळी जगे

सर्वांत जास्त फसगत होते ती मोकळ्या जगाच्या गेममध्ये, कारण दुरून ते एकसारखेच दिसतात: घोडा, डोंगर, क्षितिजावर खुणावणारे काहीतरी आणि पन्नास-साठ तासांचे कथानक. प्रत्यक्षात त्यांचे स्वभाव अगदी निराळे आहेत.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ मध्ये आणलेला 'द विचर ३' हा मुळात गोष्टी सांगणारा गेम आहे. राक्षसांची शिकार करून पोट भरणारा गेराल्ट आपल्या मानसकन्येच्या शोधात निघतो, हे मुख्य सूत्र. पण गेमची खरी श्रीमंती वाटेत भेटणाऱ्या लोकांच्या कामांत आहे. वेलेनच्या दलदलीतल्या दारुड्या सरदाराचे प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. त्याची बायको आणि मुलगी बेपत्ता आहेत, त्यांना शोधून देण्याचे काम गेराल्टकडे येते, आणि शोध पुढे सरकतो तसतसे लक्षात येते की त्या दोघी घरातून का गेल्या असाव्यात. शेवटी जे निवडावे लागते त्यात कोणताही पर्याय स्वच्छ नसतो, आणि आपल्या निवडीचा परिणाम काही तासांनी, आपण ती विसरलेलो असताना, समोर येऊन उभा राहतो. लढाई मात्र मध्यम प्रतीची आहे, घोडा कुंपणापाशी हमखास अडतो, आणि पहिले काही तास राजे-राज्यांच्या नावांचा नुसता भडिमार होतो. चार काठिण्यपातळ्या आहेत; ज्यांना तलवारबाजीत रस नाही त्यांनी सर्वांत सोपी निवडण्यात काहीही गमावण्यासारखे नाही. लढाई चालू नसेल तेव्हा कुठेही सेव्ह करता येते, आणि गेम उघडताना आतापर्यंतचे कथानक थोडक्यात ऐकवले जाते, ही खंड पडणाऱ्या खेळाडूसाठी फारच मोलाची सोय आहे.

'रेड डेड रिडेम्प्शन २' हाही कथेचा गेम, पण त्याचा वेग जाणूनबुजून संथ ठेवलेला आहे. काळ १८९९ चा, पश्चिम अमेरिकेतल्या दरोडेखोरांचे दिवस भरत आलेले, आणि आर्थर मॉर्गन त्या विझत चाललेल्या टोळीतला एक जुना माणूस. कपाटाचा खण उघडायचा तर आर्थर वाकून, हात लांब करून तो उघडतो. हरणाची शिकार केली तर कातडे सोलताना प्रत्येक वेळी पाहावे लागते. आणि ते घोड्यावर लादून छावणीत न्यावे लागते. ज्यांना हे आवडते त्यांना या जगात राहिल्यासारखे वाटते. ज्यांना आवडत नाही त्यांचा बर्फातल्या पहिल्याच प्रकरणात जीव मेटाकुटीला येतो. माझी खरी तक्रार संथपणाविषयी नाही. एरवी इतके मोकळे असलेले हे जग मिशन सुरू होताच एकदम करडे होते, आणि ठरलेल्या वाटेवरून जरा बाजूला जाऊन स्वतःची युक्ती लढवू पाहिली की मिशन फसल्याचे सांगून मागे नेऊन ठेवते. तरीही आर्थरच्या अखेरच्या प्रवासाइतके परिपक्व लेखन मोठ्या खर्चाच्या गेममध्ये क्वचितच आढळते.

या दोहोंत निवड करायची झाली तर वेळेचा आकार पाहावा. रोज रात्री पाऊण तास मिळत असेल तर 'विचर', कारण त्यातले एखादे छोटे काम तेवढ्यात पुरे होते. सुटीच्या दिवशी सलग तीन-चार तास मिळत असतील तर 'रेड डेड', कारण पाऊण तासात तिथे एखाद्या गावाला जाऊन परत येणेच होते.

'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आणि 'एल्डन रिंग' ही दुसरी जोडी. दोन्ही गेम खेळाडूला हात धरून नेत नाहीत, आणि दोन्हींत नकाशावरच्या खुणांपेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीच वाट दाखवतात. साम्य तेवढेच.

२०१७ च्या 'झेल्डा'त सुरुवातीच्या पठारावर मूलभूत शक्ती मिळाल्या की सारा प्रदेश खुला होतो; वाटल्यास थेट शेवटच्या शत्रूच्या किल्ल्यातही शिरता येते. तिथली हवा, आग, वीज, पाऊस सारे काही नियमाने वागते. पाऊस लागला की कडे निसरडे होतात आणि अर्ध्यावर चढलेला खेळाडू घसरतो. वादळात धातूची तलवार पाठीवर असेल तर ठिणग्या उडू लागतात आणि थोड्याच वेळात वीज कोसळते. मात्र तीच तलवार शत्रूच्या पायाशी फेकली तर वीज त्याच्यावर पडते. हे कुठेही शिकवलेले नाही, आपले आपल्याला उमगते, आणि गेमची सारी गोडी त्या उमगण्यात आहे. शस्त्रे वापरता वापरता तुटतात याचा अनेकांना राग येतो. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. शस्त्रे तुटली नसती तर प्रत्येकाने एक चांगली तलवार शोधून उरलेला गेम तिच्यावरच काढला असता. कथा मात्र अगदी पातळ आहे, आणि हा गेम निन्टेन्डोच्या यंत्रांखेरीज कुठे मिळत नाही. हरण्याची किंमत जवळपास शून्य, सेव्ह बहुतेक कुठेही, आणि महिन्याभराने परतले तरी अडत नाही, कारण मुळात लक्षात ठेवण्यासारखे फारसे नसते.

'एल्डन रिंग' (२०२२) मध्ये पहिल्या मोकळ्या माळावर पाऊल टाकताच समोर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फेऱ्या घालताना दिसतो. गेमची सवय असलेला खेळाडू त्याच्यावर धावून जातो, कारण सुरुवातीचा शत्रू सोपा असतो असा त्याचा आजवरचा अनुभव असतो. दोन-तीन घावांत तो मरतो, पुन्हा जातो, पुन्हा मरतो. त्या स्वाराला वळसा घालून जायचे, पुढे कुठेतरी ताकद कमवायची आणि मग हिशेब चुकता करायला यायचे, हे ज्याला त्या माळावर कळले त्याला हा गेम कळला. काठिण्यपातळी बदलण्याची सोय नाही. मेल्यावर जमवलेले रून्स (ताकद वाढवायला आणि खरेदीला लागणारे चलन) मृत्यूच्या जागी पडून राहतात आणि तिथे पोहोचण्याआधी पुन्हा मृत्यू आला तर ते कायमचे जातात. तरी तो बनवणाऱ्या स्टुडिओच्या आधीच्या गेमपेक्षा हा पुष्कळ दयाळू आहे: मदतीला आत्मे बोलावता येतात, दुरून जादू चालवता येते, आणि एका बॉसपाशी, म्हणजे टप्प्यावरच्या बड्या शत्रूपाशी, घोडे अडले तर बहुधा दुसरीकडे जाण्याची वाट असते.

अडचण वेगळीच आहे. गेम चालू असताना सर्व काही जागच्या जागी थांबवण्याची साधी सोय नाही, आणि कोणाला काय वचन दिले, कोण कुठे भेटणार होते, याची नोंद गेम ठेवत नाही. घरात मधूनमधून हाक येणाऱ्या माणसाला लढाईच्या मध्यावर उठता येणार नाही, आणि तीन आठवड्यांनी परत आलेल्याला आपण कुठे निघालो होतो हे आठवणार नाही. ज्यांच्याकडे दोन-तीन महिने सलग देण्याची तयारी आहे त्यांच्यासाठी गेल्या दशकातल्या अगदी मोजक्या थोर गेमपैकी हा एक आहे. बाकीच्यांनी 'झेल्डा' घ्यावा.

हरणे हाच खेळ असलेले गेम

कठीण गेम म्हटले की सगळे एकाच माळेत ओवले जातात, पण हरल्यावर काय होते यावरून त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

'सेलेस्ट' (२०१८) मध्ये मॅडेलिन नावाची मुलगी डोंगर चढते. प्रत्येक पडदा म्हणजे काही सेकंदांचे एक कोडे. उडी, हवेतला झटका आणि भिंतीला धरून राहणे एवढ्याच क्रिया. चुकले की त्याच पडद्याच्या सुरुवातीला, पापणी लवते न लवते तोच, पुन्हा उभे. त्यामुळे शेकडो वेळा मरूनही चीड येत नाही. शिवाय गेम गुपचूप खेळाडूच्या बाजूने असतो: कड्यावरून पाय निसटल्यानंतरही क्षणभर उडीचे बटण चालते, म्हणून आपल्याला वाटते आपण अगदी नेमके उडालो. तेही जमत नसेल तर साहाय्य पर्यायांत वेग कमी करता येतो, दम अमर्याद करता येतो किंवा मरणच बंद करता येते, आणि हे पर्याय वापरल्याबद्दल गेम हिणवत नाही.

'हेडीझ' (२०२०) मध्ये मरण हेच कथेचे इंजिन आहे. पाताळाच्या अधिपतीचा मुलगा झॅग्रियस घरातून पळू पाहतो, मरतो, आणि रक्ताच्या तळ्यातून पुन्हा बापाच्या दिवाणखान्यात उगवतो. तिथे प्रत्येकाकडे त्याच्याशी बोलण्यासारखे काहीतरी नवे असते. हरल्यामुळे पुढची गोष्ट ऐकायला मिळते, ही योजना इतकी बिनतोड आहे की काही वेळा जिंकल्याचेच थोडे वाईट वाटते. एक फेरी साधारण अर्ध्या तासाची, मध्येच बंद केली तरी त्याच दालनापासून पुन्हा सुरू होते. 'गॉड मोड' चालू केल्यास इजा आधी २० टक्क्यांनी कमी होते आणि प्रत्येक मरणागणिक २ टक्क्यांची भर पडत ८० टक्क्यांपर्यंत जाते. कथेचा मुख्य शेवट गाठायला मात्र दहा वेळा सुटका करून घ्यावी लागते. तेच शत्रू आणि तेच मजले पुन्हा पाहण्याचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

'हॉलो नाइट' (२०१७) हा ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या अगदी छोट्या चमूचा गेम, आणि या तिघांत सर्वांत कठोर. किड्यांच्या ढासळलेल्या राज्यात आपण उतरतो तेव्हा नकाशाही नसतो. प्रत्येक विभागात कुठेतरी बसलेला नकाशे काढणारा शोधायचा, त्याच्याकडून अर्धवट नकाशा विकत घ्यायचा, लेखणीही विकत घ्यायची, आणि तरी नव्या खोल्या नकाशावर उमटतात त्या बाकावर जाऊन बसल्यावरच. आपण नकाशावर कुठे आहोत हे दिसण्यासाठीसुद्धा ताईतांच्या मोजक्या जागांपैकी एक अडवून ठेवणारा ताईत बाळगावा लागतो. हरवणे हा इथे अनुभवाचाच भाग आहे. पण सेव्ह बाकावरच होते आणि बाक दूरदूर असतात, म्हणून वीस मिनिटांची बैठक इथे वाया जाण्याची शक्यता बरीच. २०२५ मध्ये आलेला त्याचा पुढचा भाग 'सिल्कसाँग' आणखी कडक आहे. पहिला पुरा केल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

माझा क्रम: नवख्याने 'हेडीझ', बोटांच्या कौशल्याची हौस असणाऱ्याने 'सेलेस्ट', आणि वाट चुकण्यात आनंद मानणाऱ्याने 'हॉलो नाइट'.

चालींचे गेम

इथे थोडक्यात निकाल देता येतो. 'स्ले द स्पायर' हा पत्त्यांचा संच बांधत मनोरा चढण्याचा गेम आजही या प्रकाराचा मापदंड आहे. शत्रू पुढे काय करणार हे आधीच दिसते, म्हणून हरल्यावर नशिबाला बोल लावता येत नाही. चांगला दिसणारा प्रत्येक पत्ता घेणारा खेळाडू यात हमखास बुडतो, आणि पत्ता न घेण्यातले शहाणपण शिकायला काही फेऱ्या जातात. 'बालाट्रो' (२०२४) त्याच्यापेक्षा उथळ आहे पण हातातून सुटत नाही. पोकरचे हात आणि नियम मोडणारे जोकर यांच्या जुळणीतून गुणांचे आकडे हास्यास्पद उंचीला जातात. त्यात खऱ्या पैशांचा जुगार नाही. युरोपातील पेगी या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने आधी त्याला १८ वर्षांचा शिक्का मारला होता, तो २०२५ मध्ये १२ वर आणला गेला. पालकांना हे माहीत असलेले बरे.

'इनटू द ब्रीच' (२०१८) माझ्या दृष्टीने तिघांत सर्वांत सुबक. आठ बाय आठ चौकटींचा पट, आपली तीन यंत्रे, आणि शत्रूचा प्रत्येक हल्ला आधीच पटावर दाखवलेला. शत्रूला मारण्यापेक्षा त्याला एक घर ढकलून त्याचा वार त्याच्याच साथीदारावर पाडणे जास्त फायद्याचे ठरते. एक लढाई दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. 'सिव्हिलायझेशन ६' हा साम्राज्य उभारण्याचा गेम या यादीत नावालाच घेतो: उत्तम आहे, पण दुसऱ्या दिवशी लवकर उठायचे असेल तर उघडू नये, कारण 'आणखी एक चाल' म्हणता म्हणता उजाडते.

वाचणाऱ्यांसाठी

'डिस्को एलिसियम' (२०१९) मध्ये लढाई नाही. स्मृती गमावलेला एक दारुडा पोलीस एका खुनाचा तपास करतो, आणि त्याच्या डोक्यातले चोवीस गुण त्याच्याशी आपापल्या आवाजात बोलतात: तर्कबुद्धी घमेंडीने, सहानुभूती हळुवारपणे, शरीराची जुनी भूक निलाजरेपणाने. जागा झाल्यावर त्याच्या खोलीत पंख्याला नेकटाय लटकलेला असतो. प्रकृतीला फार कमी गुण दिलेले असतील तर तो काढण्याच्या प्रयत्नात हृदय बंद पडून नायक मरू शकतो आणि खुनाचा तपास सुरू होण्याआधीच गेम संपतो. गेमचा विनोद आणि निर्दयपणा दोन्ही त्या एका प्रसंगात कळतात. फाशे पडतात, पण अपयशातून अनेकदा यशाहून रंजक काही निघते. संपूर्ण गेम म्हणजे दाट, अवघड इंग्रजीतले जाडजूड वाचन आहे. २०२१ च्या 'फायनल कट' आवृत्तीत संवादांना आवाज मिळाला तरी ते वाचन टळत नाही. ज्याला संवाद पुढे ढकलण्याची सवय आहे त्याने याकडे फिरकू नये.

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) हाही शब्दबंबाळ आहे, पण तिथे शब्दांबरोबर कृतीचे स्वातंत्र्य मिळते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या बैठ्या खेळाचे नियम, वीस बाजूंचा फासा, आळीपाळीने होणारी लढाई. बंद दार किल्लीने उघडता येते, फोडता येते, धुके होऊन फटीतून पलीकडे जाता येते, किंवा पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून साथीदाराला मागून पाठवता येते, आणि गेम प्रत्येक युक्तीला दाद देतो. तिसऱ्या अंकात तो पसरट होतो हे खरे. शहरात पोहोचेपर्यंत सत्तर-ऐंशी तास सहज गेलेले असतात आणि कामांची यादी आणखी वाढते. सेव्ह जवळजवळ कुठेही, आळीपाळीची लढाई असल्याने उठून जायलाही हरकत नाही. पण दीर्घ खंड याला मानवत नाही: आपल्या चौघांच्या चमूची मंत्रविद्या विसरून परत आलेला खेळाडू पहिल्याच झटापटीत गोंधळतो.

एकच घ्यायचा तर बहुतेकांनी 'बाल्डर्स गेट' घ्यावा. 'डिस्को'चा शिफारशीचा परीघ लहान आहे, पण त्या परिघातल्या वाचकाला दुसरे काही त्याच्या जवळपासही येणार नाही.

शांत गेम आणि त्यांतली छुपी घाई

'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) एरिक बरोन यांनी चित्रे, संगीत, लेखन सर्व एकट्याने केलेला शेतीचा गेम. तो शांत म्हणून ओळखला जातो; माझे मत थोडे वेगळे आहे. गेममधला एक दिवस सुमारे चौदा मिनिटांचा, ऋतू अठ्ठावीस दिवसांचा, आणि झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. पेरणी, मासेमारी, खाण, गावकऱ्यांचे वाढदिवस या सगळ्यांच्या मागे घड्याळ टिकटिकत असते, आणि नियोजनाची हौस असलेला माणूस त्यात दमून जातो. हीच गोष्ट दुसऱ्याला झिंग आणणारी वाटते. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' (२०२०) मध्ये घड्याळ खरे असते: बाहेर रात्र तर बेटावर रात्र, आणि रात्री दहानंतर दुकान बंद. तिथे एका दिवसात करण्यासारखे थोडेच असते आणि ते संपले की गेम स्वतःच निरोप देतो. खऱ्या अर्थाने विसावा हवा असेल तर तो. मात्र फक्त मध्यरात्री खेळायला मिळणाऱ्याला ते बेट कायम झोपलेलेच दिसेल.

एकदाच खेळता येणारे

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) आणि 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) यांत खेळाडूची एकमेव कमाई म्हणजे कळलेली गोष्ट, म्हणून ते दुसऱ्यांदा खेळण्यात अर्थ उरत नाही. पहिल्यात १८०७ साली बेपत्ता जहाज परत येते आणि ईस्ट इंडिया कंपनीचा विमा निरीक्षक म्हणून साठ जणांचे काय झाले ते ठरवायचे असते. जवळच्या घड्याळाने मृत्यूचा क्षण गोठलेला पाहता येतो: कोणाच्या पायात कसले बूट, कोणाची बोलण्याची ढब कुठली, कोण कोणाच्या मागे उभा आहे. तीन जणांची नावे आणि त्यांचा शेवट बरोबर जुळला की तेवढेच गेम पक्के करतो, त्यामुळे अंदाज मारण्याला आळा बसतो. आठ-दहा तासांचा गेम. वही जवळ ठेवावी, आणि शक्यतो थोड्याच दिवसांत पुरा करावा, कारण चेहरे विसरले की सगळे विसरले.

'आउटर वाइल्ड्स'मध्ये एक छोटी सूर्यमाला, खडखडणारे यान आणि बावीस मिनिटांनी पुन्हा सुरुवातीला आणणारे चक्र. शस्त्रे नाहीत, बढती नाही. यानातली नोंदवही चक्रांच्या पलीकडे टिकते आणि मिळालेले दुवे रेषांनी जोडून दाखवते, म्हणून खंड पडला तरी धागा सुटत नाही. यान चालवणे पहिल्या तासात नाकी नऊ आणते, कारण ते वेग आपोआप सोडत नाही. उतरण्याआधी उलटा जोर लावायला विसरलेला खेळाडू थेट खडकावर आदळतो. तर्काची शिस्त आवडणाऱ्याने 'ओब्रा डिन', कुतूहलाने भटकणाऱ्याने 'आउटर वाइल्ड्स'. आणि दोन्हींच्या बाबतीत घेण्यापूर्वी व्हिडिओ पाहणे कटाक्षाने टाळावे.

दोघांसाठी

'इट टेक्स टू' (२०२१) दोन माणसांशिवाय सुरूच होत नाही, आणि एकाने विकत घेतला तर ऑनलाइन खेळणाऱ्या दुसऱ्याला तो पुन्हा घ्यावा लागत नाही. प्रत्येक प्रकरणात दोघांना वेगळी अवजारे मिळतात. शेडमधल्या प्रकरणात एकाकडे खिळे, दुसऱ्याकडे हातोडी, आणि एकाने मारलेल्या खिळ्याला लटकून दुसरा पुढे जातो. कल्पनांची ही उधळण अफाट आहे. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या जोडप्याची कथा मात्र तिच्या तोडीची नाही, आणि एका खेळण्यातल्या हत्तिणीचा प्रसंग लहान मुलाबरोबर खेळताना अडचणीचा ठरेल. 'पोर्टल २' (२०११) मधला दोन यंत्रमानवांचा स्वतंत्र भाग कोड्यांच्या दृष्टीने अधिक भक्कम आहे. जोडीदार गेममध्ये नवखा असेल तर पहिला. दोघेही सवयीचे असतील तर दुसरा, आणि त्याचा एकट्याने खेळायचा भागही तितकाच उत्तम असल्याने तो सोन्याहून पिवळा सौदा आहे.

फुकटचे, आणि सुधारलेले

'गेन्शिन इम्पॅक्ट' (२०२०) फुकट मिळतो, सुंदर आहे आणि कित्येक तास एक पैसाही न देता खेळता येतो. नवी पात्रे मात्र सोडतीतून मिळतात. नव्वद ओढींच्या (सोडतीच्या डावांच्या) आत एक दुर्मीळ पात्र नक्की, पण ते जाहिरातीतलेच असेल याची खात्री त्या वेळी नसते; ती पुढच्या दुर्मीळ पात्राला मिळते, म्हणजे वाईटात वाईट १८० ओढी. रोज हजेरी लावण्याची कामे वेगळीच. हात आखडता घेणे ज्यांना जमते त्यांनी खुशाल खेळावा. पैसे देऊन घ्यायची पण आत काय निघेल ते आधी न कळणारी अशीच नशिबाची पाकिटे बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवली आणि फुटबॉलच्या 'फिफा' गेममधील त्यासाठीच्या नाण्यांची विक्री तिथे २०१९ च्या सुरुवातीला थांबली. फुटबॉलचा गेम घ्यायचा तर शेजारी बसलेल्या मित्राबरोबर खेळण्यासाठी घ्यावा. पाकिटे फोडून संघ बांधण्याचा प्रकार सुरूच करू नये.

जुने निकाल सर्वांत जास्त शिळे ठरले आहेत ते दोन गेमबाबत. 'नो मॅन्स स्काय' २०१६ मध्ये पोकळ होता, आणि २०१८ पासूनच्या फुकट सुधारणांनी तो भरगच्च झाला. तरी उद्देशाशिवाय भटकणे आवडत नसेल तर आजही तो रटाळच वाटेल. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये इतक्या दुरवस्थेत आला की सोनीने तो आपल्या दुकानातून काही महिने काढून टाकला होता. सप्टेंबर २०२३ च्या २.० आवृत्तीने कौशल्यांची आणि पोलिसांची व्यवस्था नव्याने मांडली, आणि पाठोपाठ आलेला 'फँटम लिबर्टी' हा विस्तार मूळ गेमपेक्षाही नेटका आहे. कथेचा गेम हवा आहे, 'विचर' खेळून झाला आहे आणि यंत्र नवे आहे अशा खेळाडूने आता तोच घ्यावा. प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वनवर मात्र घेऊ नये, कारण २.० आवृत्ती आणि विस्तार दोन्ही त्या यंत्रांवर आलेले नाहीत. विस्तार घेतला असेल तर मूळ कथा संपेपर्यंत त्यासाठी थांबू नये. तो मध्यावरच खुला होतो आणि मुख्य कथेच्या शेवटासाठी एक आणखी पर्याय देतो.